पलीकडच्या खोलीतला कॉम्प्युटर

टायरच्या दुकानावरचा हॉल अकराच्या आतच गच्च भरला होता. खुर्च्या संपल्या तसे लोक भिंतींना टेकले, भिंती संपल्या तसे जिन्यावर बसले. समोर लोखंडी स्टँडवर एक मोठा टीव्ही होता, त्याच्यावर पांढरं कापड. एवढ्या माणसांत एकही मोबाईल वाजत नव्हता, कारण ते सगळे दारातल्या बाईंनी जमा करून घेतले होते.

"बंद नका करू," त्या प्रत्येकाला समजावत होत्या. "फक्त कुलूप काढून द्या. कुलूप असलं की लहरी अडतात. आणि कुणाला बघायचंय, ते या वहीत लिहा."

मेकॅनिकच्या बायकोने वहीत लिहिलं, 'मुलगी'. मेकॅनिकने शेजारी उभं राहून ते पाहिलं आणि मान वळवली.

मेकॅनिक म्हणजे टीव्ही दुरुस्त करणारा. बाजारातल्या अरुंद दुकानात वीस वर्षं तो उघड्या टीव्हींच्या गराड्यात बसत आला होता. त्याची एकुलती एक लेक लहानपणी तिथेच रांगायची आणि दिसेल ते बटण दाबायची, म्हणून तिचं नावच पडलं बटण. सात महिन्यांपूर्वी साधा वाटणारा ताप आला आणि चौथ्या दिवशी बटण गेली. सोळा वर्षांची होती. तेव्हापासून घरात दोन माणसं होती आणि दोघंही एकमेकांशी हळू आवाजात, कामापुरतं बोलत.

बुवा आले. पन्नाशीचे, गुळगुळीत दाढी केलेले, आवाज जणू मधात बुडवून काढलेला. हे पूर्वी लग्नांची शूटिंगं करायचे, असं नंतर कळलं. त्या दिवशी ते फक्त 'दिव्यदर्शी' होते.

"मरण म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दिलंही. "चॅनेल बदलणं. माणूस जात नाही, त्याची फ्रीक्वेन्सी बदलते. शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे. बोलत नाहीत, कारण नोकरी जाईल."

लोकांनी माना डोलवल्या. असं तासभर चाललं. आत्म्याचा सिग्नल, पुण्याईचा टॉवर, मनाचा अँटेना. एरवी मेकॅनिकला हसू फुटलं असतं. पण बायको शेजारी श्वास रोखून बसली होती, आणि सात महिन्यांत ती पहिल्यांदाच कुठेतरी जायला निघाली होती.

मग बुवांनी कापड काढलं. "आमच्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः तपासा. टीव्हीतलं जाणणारा आहे का कुणी इथे?"

बायकोनेच त्याला कोपराने ढोसलं. तो उठला. शंभर डोळे पाठीवर घेऊन टीव्हीपाशी गेला, वाकून बघितलं. डिश नाही, सेट टॉप बॉक्स नाही. मागची बाजू पत्र्याने झाकलेली, आणि एक जाड काळी वायर स्टँडच्या पोकळ नळीतून खाली जाऊन भिंतीपाशी नाहीशी झालेली. ती विजेची असणार, असं त्याने धरून चाललं. विजेच्या मानाने जरा जाडच होती, हे त्याच्या बोटांना कळलं. पण डोक्यापर्यंत पोचलं नाही.

"केबल नाही. अँटेना नाही," तो म्हणाला.

"ऐकलंत? माणूस धंद्यातला आहे," बुवा म्हणाले.

पडदा उजळला. आधी एका निवृत्त मास्तरांची बायको आली. ओट्याशी उभी राहून मागे वळून बघत हसली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. मग कुणाचा तरी भाऊ. आणि मग बटण.

पिवळा फ्रॉक, वाऱ्याने तोंडावर आलेले केस. मागे पाण्याचा चमचमाट. "आई, ये ना," ती म्हणाली. "ये ना लवकर. मी वाट बघतेय." आणि पडदा काळा झाला.

बायकोने त्याचा हात धरला आणि नखं रुतेपर्यंत दाबला. मेकॅनिकही रडत होता. त्या आवाजापुढे त्याची वीस वर्षांची अक्कल कुठल्या कुठे गेली होती.

पण काळ्या पडद्याच्या उजव्या कडेला एक बारीक पांढरा बाण दिसला. चाचपडल्यासारखा हलला आणि कडेतून बाहेर निघून गेला.

तो बाण त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. घरी दर रविवारी पिक्चर बघायचा म्हणजे बटण आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरची लांब केबल ओढत बाहेरच्या टीव्हीला जोडायची. चित्र यायचं, आवाज मात्र कॉम्प्युटरमधूनच यायचा, मग "बाबा, टीव्ही मुका झाला" म्हणून ओरडायची. कधी माउस जास्त सरकला की बाण कॉम्प्युटरची कड ओलांडून टीव्हीवर यायचा आणि ऐन मारामारीत नायकाच्या नाकावर बसायचा.

मेकॅनिकने डोळे पुसले. चकाकी असेल, असं स्वतःला सांगितलं. खोटं सांगतोय हे कळत असूनही सांगितलं, कारण पुढच्या रविवारी ती पुन्हा दिसणार होती.

घरी बायकोने त्या दिवशी नीट जेवण केलं. खिडक्या उघडल्या. दोनदा हसली. मेकॅनिकला वाटलं, असेना का खोटं, कुणाचं काय बिघडतंय?

पुढचे दोन रविवार तेच झालं. तोच पिवळा फ्रॉक, तीच तीन वाक्यं. दरम्यान बायको बुवांना एकटीही भेटून आली. मग एका सकाळी ती घरच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलेली सापडली. ओठ निळसर, श्वास लागलेला. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. दोन वर्षं रोज गोळी होती, आणि एकही दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्याने तिला हाताला धरून वर आणलं आणि गोळ्यांची पट्टी काढली. अकरा दिवसांच्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

"हे काय?"

"बुवा म्हणाले, औषधं आपल्या आणि तिच्यामधला पडदा जाड करतात." तिचा आवाज शांत होता. "आणि ती बोलावतेय मला. तुम्ही ऐकलंत ना? वाट बघतेय म्हणाली. लेकरू एकटं उभं आहे तिकडे."

"कसला पडदा? तो माणूस लबाड आहे."

"तुम्हीच टीव्ही तपासलात. तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, केबल नाही."

दुसऱ्याने फसवलं तर माणूस भांडू तरी शकतो. इथे फसवणुकीवर शिक्का त्याचा होता.

तो आतल्या खोलीत गेला. कॉम्प्युटरवर धूळ बसली होती. केबल बटणने गुंडाळून ठेवली होती तशीच होती, दोन्ही टोकांना रबर लावून. रबर सोडायला त्याला बराच वेळ लागला. त्याने एक टोक कॉम्प्युटरला लावलं, दुसरं ओढत बाहेर आणलं आणि टीव्हीच्या मागे खुपसलं.

"बस इथे," तो बायकोला म्हणाला. "तळ्यावर गेलो होतो ना, त्या दिवसाचं आहे. मीच घेतलेलं. तुझ्या मोबाईलमध्ये आहे तेच. ती गेल्यापासून तू उघडलं नाहीस. आता पूर्ण बघ."

पिवळा फ्रॉक आला. वारा आला. "आई, ये ना. ये ना लवकर. मी वाट बघतेय." बायकोचे ओठ तिच्यासोबत हलत होते. पण या वेळी पडदा काळा झाला नाही. बटण कमरेवर हात ठेवून पुढे म्हणाली, "एवढा वेळ काय शोधतेस? चिखलात गेली ती चप्पल. सोड आता, एकाच चपलेत ये." कॅमेरा हलला, मेकॅनिकचं हसू ऐकू आलं, आणि पलीकडून लंगडत, साडी सावरत, एका पायात चप्पल घालून बायको येताना दिसली. तीही हसत होती.

चित्र थांबलं.

"चपलेचं होतं," बायको म्हणाली.

"हो."

"म्हणजे मला बोलावत नाहीये ती."

"नाही."

"आणि वाटही बघत नाहीये. कुठेच."

मेकॅनिकला खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही," तो म्हणाला.

"कशाला दाखवलंत मला हे?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. संध्याकाळ झाली तरी उठली नाही. तो पेला आणि गोळी घेऊन शेजारी बसून राहिला. अखेर तिने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "त्या मास्तरांनी पण सोडल्यात साखरेच्या गोळ्या. जिन्यात सांगत होते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ताईला बोलवा."

तिची थोरली बहीण बसवर कंडक्टर होती. उभा जन्म गर्दीला पुढे सरकवण्यात गेल्यामुळे तिला हळू बोलता येत नसे आणि कुणाची भीती वाटत नसे.

रविवारी बायकोने दारातल्या बाईंच्या वहीत लिहिलं, 'बहीण'. "मागच्याच आठवड्यात गेली," ती म्हणाली. बाईंनी हळहळून मोबाईल घेतला. त्यात बहिणीचं एकच चित्रण होतं. बाकी सगळं बायकोने स्वतःच्या हाताने काढून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं.

तासभर फ्रीक्वेन्सी झाली, टॉवर झाला. मग पडदा उजळला आणि त्यावर बहीण आली, खिडकीशी बसून शेंगा सोलणारी.

"पहा," बुवांनी पडद्याकडे हात केला. "किती हलकी झालीय. देहाचे भोग संपले. प्रकाशात तरंगतेय ही. म्हणतेय, ताई, रडू नकोस..."

"मीच ताई आहे," दारातून आवाज आला. "ती धाकटी."

गणवेशातली कंडक्टर बाई गर्दी सारत पुढे आली. पडद्यावर ती होती आणि पडद्यासमोरही ती होती. "तरंगायला वेळ नाही मला. दोनची पाळी आहे. काय ते लवकर आटपा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बुवा म्हणाले, "कधीकधी जिवंत माणसांच्या लहरीसुद्धा..." पण मेकॅनिक तोवर खिशातला पेचकस काढून स्टँडपाशी बसला होता. त्याने पत्रा उघडला. जाड काळं वेष्टण चाकूने उभं कापलं. आत दोन वायरी होत्या. एक विजेची, भिंतीतल्या प्लगला गेलेली. दुसरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

त्याने पलीकडच्या खोलीचं दार ढकललं. आत टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता, त्यापुढे माउस हातात धरून एक घामाघूम माणूस, आणि शेजारी ट्रेमध्ये नंबर लावून ठेवलेले सगळ्यांचे मोबाईल. एकाला अजून वायर जोडलेली होती.

"इथे या सगळे," मेकॅनिक म्हणाला. "मोबाईल दारात घेतात. तासभर बुवा बोलतात, तेवढ्यात हा तुमची चित्रणं या कॉम्प्युटरवर उतरवतो. हवं तेवढं ठेवतो, बाकीचं कापतो. ही केबल टीव्हीला जोडलेली आहे. मी घरी पिक्चर बघायला अशीच जोडतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, केबल नाही. ते चूक होतं. मी नीट बघितलं नव्हतं, कारण मलाही बघायचं नव्हतं."

बुवा गर्दीत मागे सरकत होते. जिन्यावरच्या लोकांनी त्यांना खाली जाऊ दिलं नाही. पुढे पोलीस आले, जबाब झाले. ते यथासांग पार पडलं.

पण त्या खोलीत कुणालाही जिंकल्यासारखं वाटलं नाही. लोक आपापला मोबाईल उचलून तो हातात धरून उभे होते. मास्तर मेकॅनिकपुढे येऊन थांबले.

"माझी बायको दोनदा मेली," ते म्हणाले. "एकदा दवाखान्यात. एकदा आज. आज तुम्ही मारलीत."

मेकॅनिकची मान खाली गेली. बोलली ती त्याची बायको. इतके महिने जो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता, तो तिने तिथे उच्चारला.

"माझी मुलगी मेली, मास्तर. मलाही तुमच्यासारखंच झालंय. पण या माणसाने आपल्याला आपलीच माणसं दाखवली, आपल्याच मोबाईलमधली, तीही अर्धी कापून. माझ्या लेकीच्या तोंडून त्याने मला मर म्हटलं. ती असती तर असं म्हणाली असती का, एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तुम्हीही विचारा. कुणी म्हणालं, तुमचा माणूस परत आणतो, तर आधी वायर कुठे जाते ते बघा. रडू आलं तर रडा. पण गोळ्या घ्या."

मास्तर निघून गेले.

पंधरा दिवसांनी ते दुकानात आले. घरी मुलाचा जुना कॉम्प्युटर पडून आहे, टीव्हीला जोडून द्याल का, म्हणाले. मेकॅनिक गेला, केबल लावली, आवाज टीव्हीतून यायची सोय केली, आणि सगळं कसं करायचं ते मास्तरांकडून दोनदा करवून घेतलं.

ओट्याशी उभी असलेली बाई मागे वळून हसली. मास्तरांनी चित्र तिथेच थांबवलं.

"माझ्याकडे बघतेय का ही?" त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने विचार केला. "कॅमेऱ्याकडे बघताहेत. कॅमेरा कुणाच्या हातात होता?"

"माझ्याच."

"मग तुमच्याकडेच बघत होत्या," तो म्हणाला. "तेव्हा."