खोटी शपथ

तुरुंगातून सुटल्यावर छगन थेट बहिणीकडे आला, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. कुंदाबाई जळगावात मुलींच्या शाळेत शिकवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. तिच्याच साक्षीवर छगनला शिक्षा झाली होती.

छगन कामाला होता त्या कापसाच्या जिनिंगमध्ये पहारेकरी पुनाशी त्याचं भांडण झालं. रागाच्या भरात त्याने लोखंडी कांब हाणली आणि पुना जागीच गेला. कुंदाबाई तेव्हा भावाचा डबा घेऊन फाटकाशी उभी होती. कोर्टात तिला विचारलं, तिने पाहिलं ते सांगितलं. त्यानंतर गल्लीतल्या बायका तिच्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. धुळ्याच्या तुरुंगात ती भेटायला जायची, पण छगन एकदाही भेटीला बाहेर आला नाही.

आता तो तिच्याच ओसरीवर झोपत होता. जेवायला वाढलं की जेवायचा. त्या दिवसाबद्दल दोघंही बोलत नव्हते.

शेजारी नव्याने राहायला आलेल्या पुष्पाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. एका रविवारी तीच म्हणाली, "बाई, नवीन बोलपट लागलाय. भाऊ-बहिणीचा आहे. भावालाही घ्या, घरात बसून बसून त्याचं तोंड सुकलंय."

संध्याकाळच्या खेळाला तिघं गेले. छगन पुरुषांत बसला, या दोघी बायकांच्या बाजूला. पडद्यावरच्या भावाच्या हातून एक पहारेकरी मरतो. बहीण गीतेवर हात ठेवून सांगते, त्या दिवशी माझा भाऊ तापाने घरी पडून होता. न्यायाधीश त्याला सोडून देतो. थिएटरभर टाळ्या पडल्या. पुष्पाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बहीण असावी तर अशी."

कुंदाबाईने मान हलवली. उठून जावं असं तिला वाटलं, पण ती खेळ संपेपर्यंत बसून राहिली. छगन कुठे बसलाय ते तिने पाहिलं नाही.

घराच्या वाटेवर पुष्पाबाई पुढे चालली होती. छगन हळूच मागे राहिला आणि बहिणीच्या बरोबरीने चालू लागला.

"अक्का, ती खोटं बोलली तेव्हा मीपण टाळी वाजवली."

"बठ्ठ्यांनीच वाजवली, सगळ्या थिएटरने," कुंदाबाई म्हणाली.

"मग हात थांबले. त्या पहारेकऱ्याला घरदार असेल ना? एकदाही दाखवलं नाही. तो मेला, पडला, संपला." थोडं चालून त्याने विचारलं, "पुनाची बायको कुठं असते?"

"भिकुबाई? धुळ्याला. देवपुरात लोकांकडे दळणकांडण करते."

छगन थांबला. "धुळ्याला? मी आत होतो तेव्हापण?"

"तेव्हापण. तुला भेटायला यायचे, तेव्हा आधी तिच्याकडे जायचे. तिने कधी आत ये, बस म्हटलं नाही."

पुढच्या सुट्टीला दोघं धुळ्याला गेले. भिकुबाई एका घराच्या मागच्या अंगणात मिरच्या कुटत होती. तोंडाला फडकं बांधलेलं. छगनला तिने लगेच ओळखलं, पण हात थांबवला नाही. तो पाया पडायला वाकला तशी तिने पाय मागे घेतले.

"भिकुबाई, चूक माझीच होती," छगन म्हणाला. "कोर्टात मी नाही म्हणत राहिलो. तुम्हाला सांगायला आलो."

"माले माहीत शे. तुनी बहीन खरं बोलनी, म्हनीसन माहीत शे." तिने फडकं खाली ओढलं. चेहरा घामाने निथळत होता. "ती नसती बोलनी, तर लोक म्हनतीन, मना नवरा दारू पिऊन पडना आन् मरना."

भिकुबाईने माठाकडे बोट केलं. "पानी पी आन् जाय."

दोघं पाणी प्यायले. ती पुन्हा कुटायला लागली. ते निघाले तेव्हा तिने वर पाहिलं नाही.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. छगन बाकावर बसला.

"अक्का, पुन्हा वेळ आली तर काय सांगशील?"

"तेच."

"माझ्याकडे बघूनसुद्धा?"

"तुझ्याकडे बघूनच सांगितलं होतं. तू खाली बघत होतास." तिचा आवाज चढला नाही. "पण बरं वाटलं होतं, असं समजू नकोस. अजून वाटत नाही. पुन्हा मात्र विचारू नकोस, छगन. मी फार दमले आहे."

"नाही विचारत," तो म्हणाला. मग रुळांकडे बघत म्हणाला, "तू बरोबर केलंस, असं मला अजून म्हणवत नाही."

"नको म्हणूस."

गाडी आली ती भरूनच आली. छगनने गर्दीत शिरून एक जागा धरली, बहिणीला हाक मारून बसवलं आणि स्वतः चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत तिच्यासमोर उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के पाठीवर घेत.