दोन बोटे सरकलेला टी

मित्रांनो, सिंकखालचे दार उघडून माझे दर्शन घ्यायला कुणी येत नाही. मी तिथला जुना, पिवळट पडलेला प्लास्टिकचा टी, म्हणजे नळ्या जोडणारा तीन तोंडांचा सांधा. वर दोन सिंक शेजारी शेजारी. दोघांच्या नळ्या माझ्या दोन कुशींत शिरतात आणि पाणी माझ्यातून खालच्या वळशात उतरते. त्या वळशात ओंजळभर पाणी सदैव थांबून राहते आणि साऱ्या गटाराचा वास अडवते. ओंजळभर पाण्याची केवढी ही सत्ता! मी रोज पाहतो आणि रोज थक्क होतो.

दूर समुद्रापलीकडच्या बानी गावातल्या एनेइदाताईंच्या स्वयंपाकघरात माझे आयुष्य गेले. त्यांचा मुलगा मोठ्या तापातून उठला, तेव्हापासून दर गुड फ्रायडेला त्या अख्ख्या गल्लीला नारळाच्या दुधातला गोड राजमा वाटतात. तसा नवसच होता. यंदा त्याच सकाळी सिंकमध्ये जड पातेले आदळले आणि माझी डावी नळी तडकली. पाणी घरभर! राजमा भिजलेला, भांडी खरकटी, आणि मोरी बंद.

प्लंबर कन्फेसोर आपल्या घरातली नवी नळी घेऊन धावत आला. ती दोन बोटे लांब निघाली. पिशवीत करवत होती, पण तिकडे हात जाईना. आजच्या दिवशी खिळा ठोकला, करवत चालवली, तर घाव प्रभूच्या अंगावर पडतो, हे इथले लहान पोरही जाणते.

“ताई, खाली बादली ठेवू?”

“अख्ख्या गल्लीची भांडी तुझ्या बादलीवर धुऊ होय रे?”

“मग कापतो. देव माफ करील.”

“खबरदार! नवस फेडायला प्रभूलाच कापतोस? देवानं तुला हात दिलेत, का नुसती हत्यारंच?”

कन्फेसोर ओशाळला. उताणा झोपून त्याने माझे नट बोटांनीच सैल केले आणि मला अलगद दोन बोटे उजवीकडे सरकवले. उजवी नळी तेवढी माझ्यात आत शिरली, खालचा वळसा जरासा फिरला, आणि डावी नळी नेमकी बसली! माझी जागा अढळ, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

ताईंनी दोन्ही सिंक काठोकाठ भरून एकदम मोकळी केली. दोन धारा गरजत आल्या, माझ्यात एक झाल्या आणि निघून गेल्या. खालची पुसलेली फरशी कोरडी ठणठणीत.

“थेंब नाही, ताई...” कन्फेसोर पुटपुटला आणि पडल्यापडल्याच त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

दुपारी गल्ली वाट्या घेऊन दारात उभी राहिली.

मित्रांनो, सिंकमध्ये तेलकट ओतू नका, जड भांडी आदळू नका. आणि कुठे काही जुळत नसेल, तर करवत उचलण्याआधी कुणीतरी दोन बोटे सरकून पाहा.