आंघोळीच्या गाडीचं कोटेशन

कामिगाकीच्या हातात आलेल्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती. बॉयलर दुरुस्ती, इश्शिकी. इश्शिकी म्हणजे सगळं मिळून, एकगठ्ठा. शेजारी बारा लाख ऐंशी हजार येनांचा आकडा आणि खाली कंपनीचा चौकोनी लाल शिक्का, इतका सुबक मारलेला की निम्मे पैसे शिक्क्याचेच असावेत. काय बिघडलंय, काय बदलणार, गाडी किती दिवस अडकून पडणार, यातलं काहीही नाही. आमच्याकडे या एका शब्दाखाली काय काय खपवतात ते देवच जाणे. घराचं छप्पर असो नाहीतर दातांची कवळी, इश्शिकी म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड बंद. फोड करून मागायची म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवायचा, आणि तेवढा उद्धटपणा कामिगाकीच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता.

बरं, गाडीही चारचौघींसारखी नव्हती. कुरे या बंदराच्या गावात डोंगरउतारावरच्या घरांत जे म्हातारे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या दारात जाऊन ती त्यांना आंघोळ घालायची. तिच्या पोटात रॉकेलवर चालणारा बॉयलर होता, पंप होता आणि दोन तुकड्यांत निघणारा टब होता. घरच्या नळाचं पाणी गाडीत तापायचं, लांब पाइपातून खोलीत यायचं, आणि अंथरुणाशेजारी मांडलेल्या टबात माणूस गळ्यापर्यंत उबेत पडायचा. बरोबर एक नर्स आणि दोन मदतनीस. शहरातल्या मोठ्या कंपनीच्या गाड्या त्या अरुंद चढावर यायला तयार नसत. कामिगाकीची ही एकुलती एक गाडी येत होती, आणि आठवडाभरापासून तिचा बॉयलर ऐन आंघोळीत बंद पडायला लागला होता.

एवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. नव्या गाडीचं तर नावच नको. दुसरी काही सोय झाली नाही तर मार्चअखेरीला फेऱ्या बंद करायच्या, असं त्याने नर्स माएदाला सांगून टाकलं होतं. मग वरच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना ओल्या फडक्याने अंग पुसून घेण्यावर उरलेलं आयुष्य काढावं लागणार होतं. माएदाने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या घरांची यादी लिहायला घेतली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनेच ओकिमोतो सानाएचं नाव काढलं. सानाए पन्नाशीची, बंदराच्या टोकाला तिचं गॅरेज. आधी मासेमारीच्या बोटींची इंजिनं, मग रक्तदानाची गाडी, फिरतं वाचनालय, असं जे जे बाकीच्यांनी हात जोडून परत पाठवलं ते सगळं तिच्याकडे यायचं. बोलायला तिखट, आणि त्याबद्दल तिला खंत वगैरे अजिबात नव्हती. एकाचं कोटेशन खिशात असताना दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे कामिगाकीला चोरी केल्यासारखं होत होतं. त्याने तो कागद लपवला. सानाएने पहिल्याच मिनिटाला तो मागितला, वाचला, मागे काही लिहिलंय का म्हणून उलटा करून पाहिला आणि परत दिला.

गाडी तपासताना त्या कंपनीने कुठे उभी केली होती, एवढंच तिने विचारलं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये, सपाट फरशीवर, असं त्याने सांगितलं. तिथे बॉयलर मजेत चालला होता. दोष सापडेना, म्हणून सगळंच बदलायचं त्यांनी ठरवलं असावं.

"उद्या मी तुमच्याबरोबर आंघोळींना येते," सानाए म्हणाली. "अर्ध्या दिवसाची मजुरी लागेल. दोष सापडला नाही तरी लागेल. आधी सांगितलेलं बरं."

कोटेशन देण्याचे पैसे? कामिगाकीने अदबीने मान डोलावली आणि मनातल्या मनात माएदाच्या नावाने बोटं मोडली. ही बाई नुसती बसून मजुरी खाते की काय ते पाहायला सकाळी तो स्वतःही निघाला.

पहिलं घर हात्सुए आजींचं, चढाच्या अगदी वर. आजींनी सगळं आयुष्य कालवं फोडण्यात घालवलेलं, नव्वदी उलटली तरी जिभेची धार शाबूत. पण ती धार घरच्यांसाठी. दारात आलेल्या परक्या माणसाशी त्या इतक्या गोड बोलायच्या की सुनेला घर चुकल्यासारखं वाटायचं. गाडी नेहमीसारखी उताराला तोंड करून उभी राहिली. टब भरला, आजींना जाळीच्या झोळीतून अलगद पाण्यात सोडलं. त्या म्हणाल्या, काय सुरेख पाणी आहे. थोड्या वेळाने बाहेरची घरघर थांबली. मदतनीस स्वयंपाकघरातून किटल्या आणायला धावले, कामिगाकी दाराशी उभा राहून वाकून वाकून माफी मागू लागला.

"छे छे, छान आहे पाणी," आजी म्हणाल्या. "आता पुरे. मन भरलं माझं."

गाडीखालून निघालेली सानाए आत आली. गुडघे चिखलाने माखलेले, म्हणून ती उंबऱ्याशीच थांबली. टबाकडे तिने पाहिलंच नाही. ती पाहत होती अंथरुणाकडे. रजईखाली गरम पाण्याच्या दोन पिशव्या होत्या, खोळीत घालून नीट झाकलेल्या.

"वहिनी, या पिशव्या कधी भरल्यात?"

आंघोळीच्या आधी, असं सून म्हणाली.

"आंघोळीच्या आधी भरायला कधीपासून लागलात?"

सुनेने आजींकडे पाहिलं, मग खाली चटईकडे. "पानं गळायला लागली तेव्हापासून," ती पुटपुटली.

कामिगाकीने खिडकीतून बाहेर पाहिलं. पानं कधीच गळून गेली होती, पार खराटे झाले होते झाडांचे. आठवडाभराचा बिघाड म्हणून तो ज्याच्या मागे होता, तो सबंध हिवाळाभर चालू होता; आधी बॉयलर मधेच विझून पुन्हा पेटत असणार आणि पाणी कोमट येत असणार. "मला एका शब्दाने तरी सांगायचंत," तो म्हणाला.

"एवढा चढ चढून येता तुम्ही," सून म्हणाली. "तुम्हाला कसं सांगणार?"

दर आठवड्याला तो इथे उभा राहून धन्यवाद घेत होता, आणि म्हातारी गारठत होती. आमचा सभ्यपणा हा असा. माणूस निळा पडेल, पण पाहुण्याचा चेहरा पडू देणार नाही.

दोन दिवसांनी सानाएचं कोटेशन आलं. कामिगाकी ते उभ्या उभ्या वाचायला लागला आणि मग बसला. रॉकेलच्या टाकीत उतरणाऱ्या नळीचं टोक गंजून तुटलं होतं. गाडी उताराला लागली आणि टाकी अर्ध्यावर आली की रॉकेल पुढे सरकायचं, नळी हवा ओढायची आणि बॉयलर विझायचा. सपाट फरशीवर हे जन्मात दिसलं नसतं. पण त्याला नवल वाटलं ते पुढचं वाचताना. गाडीचं काम एकीकडे मांडलं होतं, आंघोळीच्या सामानाचं दुसरीकडे, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुठल्या कामात खोट आहे ते कळावं. काय उघडून पाहिलंय आणि काय अजून पाहिलेलं नाही, तेही सरळ लिहिलेलं. न पाहिलेल्यात काही निघालं तर आधी फोन, मगच हात लावणार. काढलेले जुने भाग परत मिळणार. काम तीन दिवसांचं. तेवढ्यात म्हाताऱ्यांचं काय, तर शेजारच्या गावाच्या सेवा मंडळाची जुनी गाडी तिने विचारून ठेवली होती आणि तिचं भाडं जसंच्या तसं लावलं होतं. बॉयलर म्हातारा झालाय, अजून दोन हिवाळे काढेल, आजपासून पैसे बाजूला टाकायला लागा, असंही लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी हे लिहिलं नसतं. अर्ध्या दिवसाची मजुरी धरूनही रक्कम पहिल्या कोटेशनच्या दहाव्या हिश्शाच्या आत होती. रक्कम दुप्पट असती तरी त्याने होकार दिला असता. आपल्या गाडीच्या पाण्यात माणसं असतात, हे समजून लिहिलेला कागद त्याच्या हातात पहिल्यांदाच आला होता.

शेवटची ओळ वाचून मात्र त्याने फोन लावला. ताबा देताना चाचणी हात्सुए आजींच्या दारात, त्याच उतारावर, टाकी अर्धी ठेवून, टब पूर्ण भरून. टबात मालक.

"ही चेष्टा आहे का?" त्याने विचारलं.

"वाळूची पोती घालून पाहिली असती," सानाए म्हणाली. "पण पोती बोलत नाहीत."

ठरल्या दिवशी आजींच्या खोलीत कामिगाकी पोहायची चड्डी घालून स्वतःच्या टबात उतरला. आजी अंथरुणावर कुशीला वळून नाटक पाहावं तशा पाहत होत्या. मालकांचं पोट बरंच सुटलंय, असं त्यांनी सुनेला सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण ऐकू गेलं. माएदाने त्याच्या मानेखाली हात दिला. बाहेर बॉयलर घरघरत राहिला. नेहमी विझायचा तो क्षण आला आणि गेला, तरी घरघर सुरूच. कामिगाकीने डोळे मिटले. इतकी वर्षं त्याने हा टब वाहिला होता, त्यात कधी पडला नव्हता.

"कसं आहे पाणी?" आजींनी विचारलं.

"उत्तम," तो लगेच म्हणाला.

खरं तर पायांना गार लागत होतं. पण माएदाचा हात अवघडला असणार, मदतनीस गुडघ्यांवर बसलेले, आणि सानाए बाहेर थंडीत गाडीखाली पाठ टेकून पडलेली. एवढ्या लोकांपुढे पायांची तक्रार कसली करायची?

"मीही असंच म्हणायचे," आजी म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा आज पाहुण्यासमोरचा नव्हता. कामिगाकीला टबातल्या टबात बुडून जावंसं वाटलं.

"पायांशी गार आहे," तो म्हणाला. हे सात अक्षरांचं वाक्य काढायला त्याला जितके कष्ट पडले तितके लग्नाची मागणी घालतानाही पडले नव्हते. कुणालाही वाईट वाटलं नाही. माएदाने खिडकीतून निरोप दिला, सानाएने आत येऊन पाइपाचं तोंड पायांकडे वळवून पक्कं केलं आणि पुन्हा बाहेर गेली. थोड्याच वेळात बोटांपर्यंत ऊब पोचली.

मग टब घासून, धुऊन पुन्हा भरला. आजींना झोळीतून पाण्यात सोडलं. कामिगाकी ओल्या केसांनी दाराशी उभा होता. सही करायचा कागद सानाएने खिडकीत ठेवला होता, पण त्याने पेन उचललं नाही.

"आजी, पाणी कसं आहे?"

 आजींनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"फार गरम आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारीला उकडून काढता की काय?"

कामिगाकीचे डोळे भरून आले. तो खिडकीकडे धावला आणि सानाएला ओरडून म्हणाला की आजींना पाणी जास्त गरम लागतंय, जरा कमी करा.