शेजारच्या गोणपाटावरचा भाव

समीक्षानं शिराळ्यांचा वाटा मोडून पुन्हा लावला. ठसठशीत वर, पिचकी खाली.

"किती येळा लावशील गो?" बनुआत्या म्हणाली. "शिराळीच हायत, नवरीचे दागिने नायत."

महाडच्या बाजारात, कापडे गावाहून भाजी घेऊन आलेल्या आत्याशेजारी ती सकाळपासून बसली होती. घरी बसलं की लॅपटॉप दिसायचा आणि लॅपटॉपात ती नोटीस. दोन वर्षं खपून समीक्षानं एक गेम केला होता. ऑनलाइनच्या एका बड्या दुकानात तो विकला जाई आणि दुकान किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापून घेई. स्वतःच्या साइटवर कापणारं कोणी नव्हतं, म्हणून तिथं तिनं तो स्वस्त ठेवला. आता दुकानाचं म्हणणं, आमच्यापेक्षा स्वस्त कुठंच विकायचा नाही, स्वतःच्या दारातसुद्धा. उद्यापर्यंत भाव वाढव, नाहीतर गेम काढून टाकतो.

"माल तुजा, दार तुजं, आन् भाव त्याचा?" आत्या म्हणाली. "मग भांड की!"

"स्पर्धा आयोगाकडे तक्रार करता येते. लिहूनही ठेवलीय. पण एकटीचं नाव दिसलं, की गेलेच मी."

"तुज्यासारकी दुसरी कोन नाय?"

समीक्षा शिराळ्याची शीर नखानं खरवडत राहिली.

"आहे. पुण्याची ईरा. तिचाही गेम त्याच दुकानात आहे. एकत्रच सुरुवात केली होती. मूळ कल्पना कुणाची, यावरून फाटलं. आता बोलणं नाही."

आत्या काही बोलणार, तोच एक चष्मेवाल्या बाई आत्याचे वाटे नुसतेच न्याहाळून पुढच्या गोणपाटाकडे सरकल्या. तिथं जानकीबाई बसली होती. शेताच्या बांधावरून आत्याचं आणि तिचं इतकं बिनसलेलं, की एकाच गाडीनं येऊन दोघी दोन दारांनी उतरत.

"वाट्याला वीस फार होतात हं," बाई म्हणाल्या. " ती शेजारची पंधराला देतेय."

जानकीबाईनं मान वर केली नाही.

"ती नाय देनार पंधराला. मी वळखते तिला."

बाईंनी मुकाट्यानं वीस मोजले.

आत्या समोर बघत होती. समीक्षा तिच्या कानाशी वाकली.

"दोघी बोलायला लागलात की काय?"

"छ्या! तोंड नाय बघत मी तिचं."

असं म्हणत आत्यानं उन्हासाठी रोवलेल्या आपल्या छत्रीचा दांडा पायानं हळूच पलीकडे कलता केला. सावली जानकीबाईच्या वाट्यांवर जाऊन पडली.

समीक्षा छत्रीकडे बघत राहिली. मग हात पदराला, म्हणजे आत्याच्याच पदराला, पुसून ती उठली आणि फोन लावला.

"ईरा, समीक्षा बोलतेय. ठेवू नकोस."



"तुलाही नोटीस आली?" ईरानं विचारलं.