एकेचाळिसावं नाम

आमच्या मळ्यातल्या विहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत आणली, तरच पोहणं आलं असं मानत. मी ती नवव्या वर्षी आणली. मातीपेक्षा तिथली शांतता लक्षात राहिली. हिरवी, गार, शेजारी कुणी आपलं बसलंय अशी. आता एकावन्नाव्या वर्षी सूर्याला अर्घ्य देताना तांब्यातून पडणाऱ्या धारेत मला तोच हिरवा रंग दिसू लागला. एकदा परत तिथं जायचं होतं.

"आई, त्याला फ्रीडायव्हिंग म्हणतात," माझी लेक मनस्विनी म्हणाली. "पाठीवर हवेची टाकी नाही. एका श्वासात खाली, एका श्वासात वर. आधी पोहण्याच्या तलावात शिकवतात, मग समुद्रात नेतात."

"शिकवणारा तूच निवड," हे म्हणाले. "माझी अट एकच, परत वर यायचं. मला साधा चहा जमत नाही."

पहिले भेटले ऋतुराज सर, पुण्याहून, मोबाइलवर. म्हणाले, "काकू, बसल्या जागी श्वास धरून दाखवा." मी डोळे मिटले. माझा रोजचा नेमच आहे तो. एका श्वासात चोपन्न नामं, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. घेतलेला संकल्प अर्धा टाकायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण.

"दोन मिनिटं दहा सेकंद! काकू, तुम्ही तर तयारच आहात. तीन दिवसांत वीस मीटर खाली नेतो."

खरं सांगते, मला फार गोड वाटलं.

दुसरी सोनिया, आमच्याच शहरातल्या छावणी भागातली. ती म्हणाली, "आधी तलावावर या. मी तुम्हाला बघते, तुम्ही मला बघा. मग ठरवू." सकाळी साडेसातला बोलावलं. नऊपर्यंत माझं मौन असतं, म्हणून तसं चिठ्ठीवर लिहून नेलं.

चिठ्ठी वाचून ती हसली. "लई बरं झालं, मावशी. पाण्यात सगळ्यांचंच मौन असतं. आता ऐका. पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात. मी मधूनमधून खांद्यावर थाप देईन. थाप आली की एक बोट उचलायचं. एवढंच."

मी मान डोलावली.

पाण्यात तोंड घातलं आणि तलावाचा गलका कुठल्या कुठं गेला. तळाच्या फरशीवर उन्हाची जाळी हलत होती. मला वाटलं, आपण हलतोय आणि ऊन स्थिर आहे. नाम आपोआप येत होतं, पेरामागून पेर. विहीर जवळ आली होती. एकेचाळिसाव्या नामाला खांद्यावर थाप पडली. बोट उचललं तर मोजणी चुकणार. तेराच तर राहिलीत, म्हटलं, झाली की उचलते. पुन्हा थाप पडली. आणि एकदम उजेड, गलका, काखेत दोन घट्ट हात.

"श्वास घ्या! घ्या श्वास!" सोनियाचा चेहरा पांढरा पडला होता. मी खुणेनं सांगितलं, ठीक आहे. पेरांकडे बोट दाखवलं.

"मोजत होता, व्हय? मावशी, शुद्ध गेलेलं माणूसपण असंच शांत दिसतं. मला वरून फरक कळत नाय. तुमचं बोट हीच माझी खूण. ती आली नाय तर मी ओढणार, मग देव मधे असू दे नायतर कुणी."

घरी येताना डोळे भरून आले. संकल्प मोडला होता. दुपारी ऋतुराज सरांचा निरोप आला, एकच जागा उरलीय. मी लिहिलं, पाण्यात असताना तुम्ही थाप देऊन विचारता का? उत्तर आलं, "काकू, तुमच्यासारखीला कशाला टोकायचं? तुमची तुम्ही मस्त राहा."

काल हेच वाक्य मला आशीर्वादासारखं वाटलं असतं. पण अट वर येण्याची होती. तळाशी गेल्यावर ती मला आठवेलच असं नाही, हे आज कळलं होतं. दुसऱ्या कुणालातरी ती आठवायला हवी.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा तलावावर गेले. सोनिया माझ्याआधी पाण्यात उतरली.

तीच जाळी, तेच ऊन. नाम सुरू झालं. तिसावं, पस्तिसावं, एकेचाळिसावं. थाप आली.

मी बोट उचललं. मोजणी सुटली, पाण्यात विरून गेली. नाम मात्र चालूच राहिलं, आकड्यांवाचून. खांद्यावर तिचा हात तसाच होता. शेजारी कुणी आपलं बसलंय असा.