खोलगट वस्तीवरची लाइन

युसूफ वडगावजवळच्या डिस्टिलरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड घाटनांदूरकडच्या शीतपेयांच्या कारखान्याला पाइपाने न्यायचा होता. पाइप किती इंची लागेल आणि खर्च किती येईल, हे काढायचं काम बीडच्या ऑफिसातल्या इंजिनिअर शाईस्ताकडे आलं. सगळ्यात सरळ, म्हणून सगळ्यात स्वस्त लाइन एका खोलगट वस्तीवरून जात होती. दुपारी ती जागा बघायला ती एकटीच गेली.

खुंट्या ठोकायला लागली तशी शेरडं राखणारी बायडाबाई जवळ आली.

"हितून काय जानार, पोरी?"

"वायू, मावशी. त्याला वास नाही, रंग नाही."

"मंग त्योच हाय. माज्या लेकाला, म्हाळूला, त्यानंच नेलं." बायडाबाई साधेपणाने म्हणाली. "मोटर काढाया हिरीत उतरलता. वरून मी बोलत व्हते, त्यो हूं म्हनत व्हता. मंग हूं यायचं थांबलं. पायरीवर बसल्या जागी गेला, झोपल्यावानी."

तिने शाईस्ताला विहिरीच्या काठावर नेलं आणि खाली वाकून हाक मारली, "म्हाळू!"

खालून 'हूं' आलं.

हा प्रतिध्वनी आहे, असं शाईस्ताने मनाला बजावलं. पण प्रतिध्वनीने नाव परत दिलं असतं.

बीडला ऑफिसात येऊन तिने लाइन वरच्या माळावरून वळवली. अंतर वाढलं, वाटेत वायूचा दाब जास्त घटायला लागला, म्हणून आठ इंची पाइप दहा इंची करावा लागला. खर्च चांगलाच चढला.

साहेब विठ्ठलराव वैतागले. "झडपा बसवू, गळती कळवणारी यंत्रं लावू. सरळच न्या."

"हा वायू हवेपेक्षा जड असतो, सर. पाइप फुटला तर खोलगटातच साचेल. यंत्र कळवेपर्यंत खाली कोणी उठणार नाही."

"पाहिलंय का तुम्ही असं कधी?"

"ऐकलंय. सरळ लाइनवर मी सही करणार नाही."

शेवटी माळावरची लाइन मंजूर झाली, पण देखरेखीचं काम विठ्ठलरावांनी तिच्या हाताखालच्या सत्यमला दिलं.

पाइप गाडून झाल्यावर सत्यमचा फोन आला. "मॅडम, ती बायडाबाई लेकीकडं राहायला गेली म्हनं. वस्तीवर आता कोनीच न्हाई. सरळ नेली असती तरी चाललं असतं."

शाईस्ताला विहिरीतून आलेलं ते 'हूं' आठवलं. तिथे कोणीच नाही, असं काही केल्या तिच्याने म्हणवेना.