गोजरच्या हातची गाठ

माझी बायको गोजर आहेराला कधी चमकीचा कागद लावत नसे. आमच्या सेनगावाजवळच्या गोरेगावच्या दुकानदारानं पॅकिंग करून देऊ का विचारलं की म्हणायची, "कागद फाडला की गेला. माझं फडकं दहा घरं फिरून येतं." जुन्या लुगड्यांची, माझ्या धोतराची चौकोनी फडकी तिनं शिवली होती. भांडं, झबलं, जे द्यायचं ते त्यात बांधायची. घेणाऱ्यानं वस्तू ठेवायची आणि फडकं परत करायचं, तेही मूठभर काहीतरी बांधून. आता शहरात लोक अशी फडकी विकत घेतात म्हणे. सुनेनं मोबाइलवर दाखवलं.

गोजर गेली तेव्हा सातपैकी सहा फडकी घरी होती. सुनेनं धुऊन, घड्या घालून पेटीत ठेवली. सातवं शेजारच्या रुख्मिणीबाईकडे होतं, बांधलेलंच. तिच्या लेकीला दिवस गेले होते. होणाऱ्या बाळासाठी गोजरनं दुपटं शिवून आधीच दिलं होतं. बाळ आल्यावर सोडू म्हणून रुख्मिणीबाईनं ते खुंटीला टांगलं. चार दिवसांनी गोजर गेली.

म्हणजे तिच्या हातची एकच गाठ उरली होती, आणि ती दुसऱ्याच्या खुंटीला.

मला ते सहन होत नव्हतं. रुख्मिणीबाई मैत्रीण असेल, नवरा मी होतो. तेराव्याला ती माझ्यापेक्षा जास्त रडली, तेही मला आवडलं नव्हतं. ओट्यावर बसलो की तिच्या उघड्या दारातून ते गाठोडं दिसायचं. मी खाट फिरवून घेतली. दोन दिवसांनी परत होती तशी केली.

बाळ झालं. गुरुवारी बारसं ठरलं. बारशाला गाठ सुटणार म्हणून बुधवारी सकाळीच मी गेलो.

"रुख्मिणीबाई, ते गाठोडं मला द्या. सेनगावहून नवं दुपटं आणून देतो. चांगलं, दुकानातलं."

"काहून? ह्याच्यात काय खोट हाये?"

"तुमच्याकडं तिच्या हातचं हाये. माझ्याकडं काय हाये?"

ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "भावजी, चाळीस वर्षं वावरात भाकर नेली तुमी. रोज तिनंच फडक्यात बांधून दिली. त्या गाठी कोणं सोडल्या? म्या?"

मी उंबऱ्यावरच बसलो.

"जळत होते मी तुमच्यावर. माझी भाकर मलाच बांधा लागे." ती उठली आणि गाठोडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "न्या. रडू नका फक्त."

हात आपोआप गेला. एक टोक ओढलं. वावरात चिखलाच्या हातानं मी तसंच ओढायचो आणि फडकं उघडायचं. हे उघडलं नाही. बघितलं तर एकावर एक दोन गाठी, घट्ट.

"ही तिची गाठ न्हाई."

"तिचीच हाये. साऱ्यायले अशीच मारे. दात लावा लागे."

"माझी एका ओढीत सुटायची."

रुख्मिणीबाई खाली बसली. मग सूप ओढून घेत म्हणाली, "मंग ती तुमच्यापुरतीच असंल. आमाले कोण लाडाची बांधून देतं."

मी गाठोडं पुन्हा खुंटीला लावलं आणि घरी आलो.

बारशाला तिनं सुई घालून गाठ सोडली. बाळ दुपट्यावर ठेवलं. संध्याकाळी घुगऱ्या बांधून फडकं परत आलं. त्या मी खाल्ल्या.

शुक्रवारी वावरात निघताना भाकर त्याच फडक्यात ठेवली आणि तिच्यासारखी, एका ओढीत सुटणारी गाठ मारायला बसलो. सोडायची कशी ते हाताला माहीत होतं. ती मारताना मी कधी बघितलंच नव्हतं. दोनदा भाकर खाली पडली.

"मी बांधून देऊ का, मामा?" सुनेनं विचारलं.

"नको."

शेवटी एकावर एक दोन गाठी मारल्या, ती सगळ्यांना मारायची तशा, आणि निघालो.